विदर्भातल्या गावात प्रवाळाचा टँक: आधी प्रवाह, मग प्रकाश

प्रवाळाचा टँक लावायचा म्हटलं की नवीन माणूस पहिली चौकशी लाइटची करतो. किती वॉटचा, कोणत्या कंपनीचा, मोबाईलवरून चालतो का. पाणी हलवणाऱ्या पंपाची आठवण सगळ्यात शेवटी येते आणि तोवर पैसे संपलेले असतात. मुंबईत हे एखाद्या वेळी निभावून जातं. अकोला, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या गावात निभत नाही, कारण इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, भरदुपारी लाइन जाते आणि बोअरचं पाणी जड असतं. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे.

कारण समजून घ्या, पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. प्रकाश मिळाला की हे शैवाल साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देतं. याच कामात ऑक्सिजनही तयार होतो. तो बाहेर पडायला हवा. पण प्रवाळाच्या अंगाला लागून पाण्याचा एक पातळ, जवळपास स्थिर थर असतो. प्रवाह मंद असेल तितका हा थर जाड. मग ऑक्सिजन आतच कोंडतो आणि साखरेसाठी लागणारा कार्बन आत येत नाही. कोंडलेला ऑक्सिजन पेशींना इजा करतो. त्यात पाणी तापलेलं असेल तर शैवालाची यंत्रणा बिघडते, प्रवाळ ते शैवाल अंगाबाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. म्हणजे लाइट कितीही भारी घ्या, प्रवाह जेवढा प्रकाश पचवू देईल तेवढाच प्रवाळाच्या अंगी लागतो.

झेनियाच्या कुळातली काही मऊ प्रवाळं हाताची मूठ उघडावी-मिटावी तशी सतत उघडझाप करतात. तांबड्या समुद्रातल्या अशा एका जातीवरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. या उघडझापेमुळे ऑक्सिजन झटकला जातो आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं, असं त्यात दिसलं. प्रवाह प्रवाळासाठी इतका मोलाचा आहे की त्यासाठी ते स्वतःची शक्ती खर्च करतं.

१. आधी कायदा पाहा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. ही घ्यायची नाहीत, ठेवायची नाहीत. दुकानदार 'हॅमर', 'टॉर्च', 'ब्रेन', 'ॲक्रोपोरा' अशी नावं सांगेल. ही सगळी दगडी प्रवाळं आहेत. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा समुद्रातला दगडही बऱ्याचदा मेलेल्या दगडी प्रवाळाचा सांगाडाच असतो. त्याऐवजी सिरॅमिकचा किंवा कारखान्यात बनवलेला कोरडा सच्छिद्र दगड घ्या.

हा लेख मश्रूम, झोआंथिड (दुकानात 'झोआ'), टोडस्टूल लेदर, सिन्युलारिया आणि झेनिया या मऊ, दगडी सांगाडा नसलेल्या प्रवाळांपुरता आहे. नवशिक्यांना सोपीही हीच. खरेदीआधी चालू अनुसूची वाचून घ्या आणि जातीचं नाव लिहिलेलं पक्कं बिल मागा. बिल नाही म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

२. साहित्य आणि जागा

सुरुवातीला ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरचा टँक घ्या. कागदावर १२१ लिटर, पण दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी जेमतेम १०० लिटर बसतं. खालचे सगळे आकडे या १०० लिटरचे आहेत. यापेक्षा लहान टँक इथल्या उन्हाळ्यात फार लवकर तापतो.

लागणाऱ्या वस्तू:

- दोन वेव्हमेकर (टँकमध्ये बुडवून पाणी हलवणारे पंप), प्रत्येकी ताशी १००० ते १५०० लिटरचे
- निळा आणि पांढरा चॅनेल वेगवेगळा कमी-जास्त करता येईल असा ५० ते ८० वॉटचा एलईडी लाइट
- खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि तो जुळवण्यासाठी ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मिठाचं) द्रावण
- डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे मणी) जोडलेला आरओ आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा)
- रीफ टँकसाठीचं समुद्री मीठ
- अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट आणि केएच (आम्ल पेलण्याची पाण्याची ताकद) यांच्या टेस्ट किट
- थर्मामीटर, टायमर, १२ व्होल्टचे दोन लहान पंखे
- बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप
- ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच)

शेवटची वस्तू टाळू नका. खारं पाणी आणि वीज एकाच ठिकाणी आहे आणि हात रोज पाण्यात जाणार आहे. प्रत्येक वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोल देऊन न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलातून खाली गळेल, प्लगपर्यंत जाणार नाही.

जागा घराच्या आतल्या खोलीत, टिनपत्र्याखाली नाही आणि खिडकीसमोर नाही. खिडकीच्या उन्हाने हिरवं शेवाळ आणि उष्णता दोन्ही येतात. भरलेला टँक दगड-काचेसह दीडशे किलोच्या घरात जातो. स्टँड गावातल्या वेल्डरकडून लोखंडी अँगलचा करून घेता येतो, पण त्याला इपॉक्सी रंगाचे दोन हात द्या, नाहीतर मिठाने वर्षभरात गंज धरतो. जुन्या घरातली फरशी क्वचितच सपाट असते. लेव्हल बाटली लावून पाहा आणि टँकखाली थर्माकोलचा शीट घाला.

३. पाणी

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी आधीच खारट लागतं, म्हणून ते चालेल असं वाटतं. चालत नाही. त्यातल्या क्षारांचं आपसातलं प्रमाण समुद्राशी जुळत नाही. पाणी कुठलंही असो, आधी सगळे क्षार काढायचे आणि मग समुद्री मीठ घालायचं. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे.

घरच्या पिण्याच्या आरओत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज असतं. टँकसाठी पाणी त्यांच्या आधीच काढून डीआय रेझिनमधून न्या. जारचं थंड पाणीही शून्य टीडीएसचं नसतं. टिनाच्या छपरावरून धरलेलं पावसाचं पाणी तर नकोच, कारण पत्र्यावरचं जस्त त्यात उतरतं. आणि हे पाणी तांब्याच्या घागरीत किंवा पितळी हंड्यात एकदाही भरायचं नाही. तांबं प्रवाळ, झिंगे आणि शंख यांना अगदी कमी प्रमाणातही मारतं. खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिकचा ड्रम वेगळा ठेवा.

लिटरला साधारण ३६ ग्रॅम मीठ, म्हणजे १०० लिटरला ३.६ किलो. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. पंप लावून एक दिवस फिरू द्या. खारटपणा ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. दगड घालून टँक चार ते सहा आठवडे एकही प्राणी न घालता चालवा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू दगडात वसतील. अमोनिया शून्यावर येऊन तिथेच राहिला की मग पहिलं प्रवाळ. केएच ८ ते ९, नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (दहा लाखांत भाग) ठेवा. नायट्रेट शून्य करण्याच्या मागे लागू नका, त्याने झोआ झिजतात.

४. प्रवाह बसवणं

मऊ प्रवाळांसाठी तासाला टँकच्या १५ ते २० पट पाणी फिरावं. म्हणजे ताशी १५०० ते २००० लिटर. खोक्यावरचा आकडा नव्या, स्वच्छ पंपाचा असतो, म्हणून दोन्ही मिळून थोडे जास्तीचे घ्या. एकच मोठा वेव्हमेकर नको. त्याच्यासमोर वादळ होतं आणि दगडामागे डबकं राहतं.

दोन वेव्हमेकर समोरासमोरच्या बाजूंना, एक पाण्याच्या पृष्ठभागापासून ८ ते १० सेंटिमीटर खाली आणि दुसरा टँकच्या मध्यावर लावा. वरच्याचं तोंड किंचित वर असू द्या. पृष्ठभाग सतत हलताना दिसला पाहिजे, कारण हवेतला ऑक्सिजन तिथूनच आत येतो. दोघांचे झोत समोरच्या काचेजवळ एकमेकांवर आदळू द्या. त्यातून जी घुसळण होते, ती प्रवाळाला हवी असते. कंट्रोलर असेल तर आळीपाळीने चालवा. कोणताही झोत थेट प्रवाळावर नको.

प्रवाह मोजायला यंत्र लागत नाही. माशाच्या खाद्याचा एक बारीक कण ओला करून पाण्यात सोडा आणि तो ३० सेंटिमीटर जायला किती सेकंद घेतो ते पाहा. ३ सेकंद लागले तर वेग सेकंदाला १० सेंटिमीटर, ६ लागले तर ५. मऊ प्रवाळांच्या मधल्या भागात ५ ते १० ठीक, मश्रूमच्या कोपऱ्यात त्याहून कमी. टँकच्या चारही कोपऱ्यांत आणि दगडामागेही कण सोडा. जिथे तो घिरट्या घालून खाली बसतो, तिथे आठवड्याभरात करडा गाळ साचेल आणि तिथलं प्रवाळ खालून कुजेल.

दुसरी खूण प्रवाळच देतं. पॉलिप, म्हणजे प्रवाळाच्या अंगावरची फुलासारखी छोटी तोंडं, वाऱ्यावर तुरीचं शेत डोलतं तसे वाकून परत उभे राहिले पाहिजेत. ते एकाच बाजूला सपाट झोपलेले असतील तर झोत फार. हलतच नसतील तर फार कमी.

टोडस्टूल लेदरकडे जवळून पाहिलं तर प्रवाहाचं काम डोळ्यांना दिसतं. दर काही आठवड्यांनी ते पॉलिप आत ओढून घेतं, टोपी मेण फासल्यासारखी चकचकीत होते आणि तिच्यावर पातळ पापुद्रा सुटतो. नवीन माणसाला वाटतं मेलं, आणि तो ते उचलून दुसरीकडे ठेवतो. ही कात आहे. टोपीवर बसलेलं शेवाळ आणि घाण त्या पापुद्र्याबरोबर जाते. प्रवाह पुरेसा असेल तर काही दिवसांत पापुद्रा उडून जातो आणि पॉलिप परत बाहेर येतात. प्रवाह कमी असेल तर तो तिथेच चिकटून राहतो आणि खालचं मांस सडायला लागतं. अशा वेळी प्रवाळाला हात न लावता वेव्हमेकर थोडा वळवा.

महिन्यातून एकदा वेव्हमेकर उतरवून लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व घातलेल्या द्रावणात अर्धा तास फिरवा. पंख्यावर चुन्याचा थर बसला की प्रवाह हळूहळू इतका उतरतो की लक्षातही येत नाही.

५. आता लाइट

प्रवाळाला उपयोगी पडणारा प्रकाश पीएआर या मापात मोजतात. भर दुपारचं ऊन सुमारे २००० असतं. मश्रूमला ३० ते ८०, झोआ आणि झेनियाला ८० ते १५०, लेदरला १०० ते १५० पुरतं. म्हणजे मऊ प्रवाळांना लागणारा प्रकाश बऱ्यापैकी कमी आहे आणि दुकानात दाखवले जाणारे महागडे लाइट त्यांच्यासाठी नाहीत.

रंग निळ्याकडे झुकलेला हवा. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच शोषला जातो, निळा खोल जातो आणि झूझँथेली ४०० ते ५०० नॅनोमीटरचा प्रकाश उत्तम वापरते. निळा चॅनेल पांढऱ्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. इलेक्ट्रिकच्या दुकानातला पांढरा फ्लडलाइट स्वस्त पडतो, पण त्याखाली प्रवाळापेक्षा शेवाळ जोमाने वाढतं.

लाइट पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर उंच टांगा. पहिल्या आठवड्यात ३० टक्के, रोज ६ तास. नंतर दर आठवड्याला ५ टक्के वाढवा आणि वेळ ८ ते ९ तासांपर्यंत न्या. प्रवाळ उघडं, फुललेलं आणि रंग टिकून असेल तिथे थांबा. १०० टक्के गाठायची गरज नसते. मोबाईलमधलं लक्स मोजणारं ॲप निळा प्रकाश कमी दाखवतं, त्यामुळे त्याच्या आकड्यावरून पीएआर काढू नका. एकाच लाइटखाली कोणता कोपरा उजेडाचा आणि कोणता सावलीचा, एवढंच पाहायला ते बरं.

६. कोण कुठे, आणि आकार काय सांगतो

मश्रूम तळाशी, सावलीत, मंद प्रवाहात. झोआ मधल्या उंचीवर. लेदर आणि सिन्युलारिया वरच्या तिसऱ्या भागात, जिथे प्रवाह जोरकस आहे. झेनिया वेगळ्या दगडावर ठेवा, कारण ते पसरत जाऊन शेजाऱ्यावर चढतं. नवीन आलेलं कोणतंही प्रवाळ पहिला आठवडा तळाशी ठेवा आणि मग वर न्या.

पुढे आकार वाचायला शिका:

झोआंचे देठ लांब होऊन मान वर काढताहेत, तर प्रकाश कमी. दाट, बुटके, जमिनीला चिकटलेले म्हणजे ठीक. मश्रूम मोठं, पातळ आणि सैल पसरलेलं असेल तर ते प्रकाश गोळा करायला पसरतंय. कडा वर वळवून वाटीसारखं आक्रसलं तर प्रकाश किंवा प्रवाह फार. रंग तपकिरी होत गेला तर कमी प्रकाश भरून काढायला आत शैवाल वाढलंय. फिकट होत गेला तर शैवाल कमी होतंय, लाइट लगेच २० टक्के उतरवा. लेदरचा देठ लांब, बारीक आणि टोपी एका बाजूला कलंडलेली असेल तर झोत एकाच दिशेने येतोय.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दहा दिवस थांबा. लाइट आणि पंप एकदम बदलले तर फरक कशाने पडला हे कळत नाही.

झोआला हात लावताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, ब्रशने कोरडा घासू नका. वाफेतून आणि उडालेल्या थेंबांतून माणसं दवाखान्यात पोचली आहेत.

७. मार्च ते जून

पाणी २४ ते २७ अंश हवं. २९ ला सावध व्हा, ३० च्या पुढे रोज जात असेल तर प्रवाळ टिकत नाही.

आपली कोरडी हवा इथे कामाला येते. एक लिटर पाण्याची वाफ झाली की १०० लिटर पाण्यातून पाच अंशांहून जास्त उतरेल इतकी उष्णता निघून जाते. म्हणून टँकचं झाकण काढून जाळी लावा आणि दोन लहान पंखे पृष्ठभागावर तिरपे सोडा. मे महिन्यात रोज २ ते ४ लिटर पाणी उडेल. ते शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याने भरा. मीठ उडत नाही, त्यामुळे ३ लिटर उडून भरलं नाही तर खारटपणा ३५ वरून ३६ च्या पुढे जातो. टँकवर खुणेची पट्टी चिकटवा आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं भरा.

त्याच खोलीत कूलर असेल तर हवा गार होते पण दमट होते, आणि पंख्यांचा उपयोग घटतो. कूलर लावायचाच तर समोरची खिडकी उघडी ठेवा. कूलरच्या टाकीत डासांसाठी रॉकेल किंवा औषध टाकू नका, ती हवा टँकवरूनच जाते. पावसाळ्यात दमटपणामुळे पंख्यांचा परिणाम जवळपास संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २९ वर अडकलं तर चिलर किंवा एसी हाच उपाय आहे. तो परवडणार नसेल तर टँक लावण्याआधी विचार करा.

एप्रिल-मेमध्ये लाइटची वेळ संध्याकाळी ६ ते रात्री २ करा. प्रवाळाला घड्याळाशी देणंघेणं नाही, वेळ रोज तीच असली की झालं. पाणी २९ च्या वर गेलं त्या दिवशी लाइट निम्मा करा आणि वेव्हमेकर पूर्ण वेगाने चालवा. उष्णता आणि तीव्र प्रकाश एकत्र आले की इजा कित्येक पटीने वाढते. त्यातलं एक तरी आपल्या हातात आहे. बर्फ थेट टँकमध्ये टाकू नका. गोठवलेली बाटली बंद करून सोडता येते, पण तापमान तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरवू नका.

प्रवाळ मागवायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात रेल्वेने किंवा कुरिअरने आलेली पिशवी बहुधा उकडलेली असते.

८. लाइन गेली तर

दोन दिवस अंधार राहिला तरी मऊ प्रवाळ मरत नाही. तापलेल्या पाण्यात प्रवाह काही तास बंद राहिला तर मरू शकतं, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो आणि अंधारात प्रवाळ, मासे, जिवाणू सगळे तो वापरतच असतात. म्हणून इन्व्हर्टरवर लाइट जोडू नका. फक्त वेव्हमेकर, आणि उन्हाळ्यात पंखे.

दोन वेव्हमेकर मिळून २० वॉट धरा. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. निम्मीच वापरायची धरली तरी ९००. इन्व्हर्टर स्वतःही काही वॉट खातो, तरी रात्र आरामात निघते. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात. कृषिपंप सुरू झाले की गावातलं व्होल्टेज पडतं, त्यामुळे लाइटच्या ड्रायव्हरला स्टॅबिलायझर लावा.

इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीचा एअर पंप लावून ठेवा. तोही नसेल तर दर पंधरा मिनिटांनी मगभर पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओता. त्या वेळात खाद्य घालू नका. लाइन आल्यावर दोन्ही वेव्हमेकर खरंच फिरताहेत का ते हात लावून पाहा, काही पंप अडकून राहतात.

९. गावात हमखास होणाऱ्या चुका

कपाशीवर फवारणी करून आलेल्या हाताने टँकला हात लावू नका. कीटकनाशकाचा अंश झिंगे, खेकडे आणि प्रवाळ सगळ्यांना घातक आहे. साबणाने धुतलं तरी त्या दिवशी टँकचं काम दुसऱ्याकडे द्या, त्याच कपड्यांनी जवळही जाऊ नका. फवारणीच्या काळात टँकच्या बाजूची खिडकी बंद ठेवा. डासांची कॉइल किंवा लिक्विड त्या खोलीत नको, मच्छरदाणी लावा.

नाल्यातला, शेतातला दगड किंवा फुकट मिळालेली चुनखडी टँकमध्ये घालू नका. त्यात कोणते धातू आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. काळ्या घट्ट दगडात तर जिवाणूंना राहायला जागाही नसते.

दर दहा दिवसांनी १० लिटर पाणी बदला. नव्या पाण्याचा खारटपणा आणि तापमान टँकइतकंच करून घ्या. पाणी काढताना नळीचं तोंड कण-चाचणीत सापडलेल्या मंद कोपऱ्यांत फिरवा, गाळ तिथेच बसलेला असतो.